किलिफीची साडेतीन दशके : गंभीर मलेरिया आणि मुलांचे हृदय

स्थापना आणि परिसर

केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर, किलिफी हे खाडीकाठचे गाव आहे. तेथील सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात १९८९ मध्ये ‘केम्री-वेलकम ट्रस्ट संशोधन कार्यक्रम’ सुरू झाला. केम्री म्हणजे केनियाची राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था. तिची स्थापना १९७९ मध्ये कायद्याने झाली. केम्री, लंडनचा वेलकम ट्रस्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ हे या कार्यक्रमाचे तीन आधार होत. केनियाचे डॉक्टर नॉर्बर्ट पेशू, गॅम्बियात मलेरियावर काम करून आलेले डॉ. केविन मार्श आणि औषधशास्त्रज्ञ बिल वॉटकिन्स यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह त्याचा पाया घातला. मार्श २०१४ पर्यंत कार्यक्रमाचे संचालक होते. त्यानंतर ही धुरा फिलिप बेजॉन यांच्याकडे आली.

किलिफीच्या परिसरात मिजीकेंदा समाजाची वस्ती आहे. त्यात गिरियामा लोक सर्वाधिक. मका, नारळ, काजू आणि मासेमारी यांवर बहुतेकांचे पोट चालते. वर्षात पावसाचे दोन हंगाम येतात आणि त्यांच्या मागोमाग फाल्सिपेरम मलेरियाचे रुग्ण वाढतात. या जातीच्या परोपजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. त्यामुळे मेंदू, आतडी, मूत्रपिंडे आणि हृदयाचे स्नायू यांतील बारीक वाहिन्यांमधला प्रवाह अडतो. मोठ्या माणसांना वारंवारच्या तापांतून काहीशी प्रतिकारशक्ती आलेली असते. पाच वर्षांखालच्या मुलांकडे ती नसते, म्हणून मृत्यूचा भार त्यांच्यावरच पडतो.

संशोधनासाठी वेगळी इमारत उभारून निवडक रुग्ण तेथे आणण्याऐवजी रुग्णालयाच्या बालविभागातच काम करायचे, असे संस्थापकांनी पहिल्यापासून ठरवले. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलावर उपचार करायचे आणि त्याच वेळी प्रत्येकाची एकसारखी नोंद ठेवायची, ही पद्धत संस्थेच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली.

नोंदीतून निघालेले पहिले उत्तर

मूल वॉर्डात आले की एका ठरलेल्या क्रमाने त्याची तपासणी होते. प्रथम शुद्धी पाहतात. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी मलावीतल्या ब्लँटायर येथे १९८९ मध्ये तयार झालेली पाच गुणांची मोजपट्टी त्यासाठी वापरतात: डोळे आईच्या चेहऱ्यामागे फिरतात का, वेदनेला मूल हात आखडून प्रतिसाद देते की हाताने ती जागा दूर सारते, रडणे नेहमीसारखे आहे की नुसते कण्हणे. मग श्वास पाहतात: वेग किती, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, श्वास खोल आणि ओढून घेतल्यासारखा आहे का. त्यानंतर रक्ताभिसरण. बोटाचे नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजतात. हाताची मागची बाजू पावलापासून गुडघ्यापर्यंत फिरवून पाय कुठपर्यंत गार लागतो ते पाहतात. शेवटी बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर साखर, हिमोग्लोबिन आणि परोपजीवींची तपासणी होते. या सगळ्याला काही मिनिटे पुरतात आणि महागडे यंत्र लागत नाही.

अशा नोंदींवर आधारलेला निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि किलिफीचे नाव जगभर पोचले. मलेरियाने दाखल झालेल्या १,८४४ मुलांपैकी ६४ दगावली होती. त्यांपैकी ५४ मुलांना दाखल होताना शुद्धी हरपणे किंवा श्वासाचा त्रास, यांतले एक किंवा दोन्ही लक्षणे होती. रक्तातली साखर घसरणे आणि कावीळ हीही धोक्याची चिन्हे ठरली. गंभीर मलेरियाच्या व्याख्येत तोवर लक्षणांची लांबलचक यादी असे. कोणत्या मुलाकडे आधी धावायचे, हे आता खेड्यातल्या आरोग्यसेविकेलाही दोन गोष्टींवरून ओळखता येऊ लागले.

श्वासाचा त्रास आणि हृदयावरचा संशय

श्वासाच्या त्रासाचे महत्त्व कळल्यावर त्याच्या कारणाचा प्रश्न पुढे आला. मलेरियात तांबड्या पेशी भराभर फुटतात, आणि हिमोग्लोबिन डेसिलिटरला ५ ग्रॅमच्या खाली गेलेली मुले आफ्रिकेच्या वॉर्डांत रोजच दिसतात. अशा मुलाची नाडी धावत असते, यकृत हाताला लागते आणि धाप लागलेली असते. हृदय थकले असेच हे चित्र पाहून वाटे. म्हणून रक्त अतिशय सावकाश चढवायचे आणि सोबत लघवी वाढवणारे औषध द्यायचे, असा रिवाज होता.

माइक इंग्लिश आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. बहुतेकांची धाप फुफ्फुसात पाणी साचल्याने लागत नव्हती. त्यांच्या रक्तात आम्ल साचले होते. अडलेला प्रवाह आणि ओसरलेले हिमोग्लोबिन यांमुळे पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, त्या ऑक्सिजनविना ऊर्जा तयार करू लागतात आणि लॅक्टिक आम्ल वाढते. हे आम्ल कर्बवायूच्या रूपाने बाहेर टाकण्यासाठी शरीर खोल श्वास घेते. हृदय निकामी झालेले नसून कमी रक्तावर जास्तीत जास्त काम करत असते. अशा मुलाला रक्त लवकर मिळाले की आम्ल उतरते आणि श्वास शांत होतो. लघवी वाढवणारे औषध मात्र आधीच कमी असलेले पाणी आणखी कमी करते. या निष्कर्षामुळे रक्त चढवण्याची निकड अधोरेखित झाली आणि ‘हृदय थकले’ हे निदान डोळे झाकून लिहिण्याची सवय मोडू लागली.

आकडी, क्विनिन आणि आर्टेसुनेट

याच काळात चार्ल्स न्यूटन आणि सहकारी मेंदूच्या मलेरियावर काम करत होते. किनाऱ्यावरच्या लोकांत मुलांच्या आकडीला ‘देगेदेगे’ म्हणतात. पक्ष्याच्या रूपातल्या ‘न्युनी’ या शक्तीची बाधा म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाई आणि मूल आधी वैदूकडे नेले जाई. संस्थेतल्या समाजशास्त्रज्ञांनी या समजुती आदराने नोंदवल्या, कारण रुग्णालयात पोचायला उशीर का होतो हे त्यांतूनच समजणार होते.

आकडी आवरण्यासाठी फेनोबार्बिटोनचे एक इंजेक्शन आधीच देऊन ठेवावे, हा उपाय सर्वांना सयुक्तिक वाटत होता. किलिफीत त्याची रीतसर चाचणी झाली आणि निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने आकडी खरोखरच कमी झाली. पण औषध दिलेल्या १७० मुलांपैकी ३० दगावली, तर न दिलेल्या १७० पैकी १४. औषधाने श्वास मंदावल्याने हे घडले असावे, असे दिसले. लक्षण आवरले म्हणजे मूल वाचले असे नाही, हा धडा संस्थेने तेव्हाच घेतला.

औषधांच्या बाबतीत हृदयाची काळजी वेगळी होती. क्विनिन शिरेतून घाईने दिले तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. शिवाय त्याने साखरही घसरते. म्हणून ते काही तास सावकाश सोडावे लागे. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असलेल्या वॉर्डात हे सांभाळणे कठीण होते. क्विनिनची आर्टेसुनेट या दुसऱ्या मलेरियाविरोधी औषधाशी तुलना करणाऱ्या, नऊ आफ्रिकी देशांतल्या ५,४२५ मुलांवर झालेल्या ‘ॲक्वामॅट’ चाचणीत किलिफीचाही सहभाग होता. २०१० मध्ये तिचा निकाल आला: क्विनिनच्या गटात १०.९ टक्के मुले दगावली, आर्टेसुनेटच्या गटात ८.५ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या गंभीर मलेरियासाठी आर्टेसुनेटची शिफारस केली. हे इंजेक्शन शिरेतून थेट देता येते आणि तासन्‌तास ठिबक सांभाळावे लागत नाही.

सलाइनचा प्रश्न

आम्ल साचण्याचे एक कारण शरीरातले पाणी कमी होणे हेही असावे, असा विचार सहस्रकाच्या सुरुवातीस बळावला. कॅथरिन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली किलिफीच्या अतिदक्षता कक्षात मुलांच्या मोठ्या शिरांमधला दाब मोजला गेला. तो कमी भरला. २००३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. हृदयाकडे परतणारे रक्तच अपुरे असेल तर शिरेतून द्रव भराभर दिल्याने फायदा व्हायला हवा, असे त्यातून निघत होते. श्रीमंत देशांतल्या बालरुग्णालयांत हीच रीत होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीत अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण) दिलेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के आणि सलाइन दिलेल्यांत १८ टक्के आढळले. आशा वाढली, पण मुलांची संख्या थोडी होती. प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी मोठी चाचणी हवी होती.

ती ‘फीस्ट’ या नावाने जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. केनियातून किलिफी, तसेच युगांडा आणि टांझानिया यांतली मिळून सहा रुग्णालये तिच्यात होती. ताप, त्यासोबत हरपलेली शुद्धी किंवा श्वासाचा त्रास, आणि रक्ताभिसरण मंदावल्याचे एखादे चिन्ह, अशी ६० दिवस ते १२ वर्षे वयाची मुले घेतली गेली. जुलाबाने पाणी कमी झालेली, कुपोषित आणि भाजलेली मुले वगळली, कारण त्यांचे उपचार वेगळे असतात. बंद पाकिटातल्या चिठ्ठीप्रमाणे मूल तीनपैकी एका गटात जाई: पहिल्या तासात अल्ब्युमिन, पहिल्या तासात सलाइन, किंवा दोन्ही नाही. १० किलोच्या मुलासाठी सुरुवातीचे प्रमाण २०० मिलिलिटर होते. पुढे ते दुप्पट केले गेले. तिन्ही गटांना मलेरियाचे औषध, प्रतिजैविके, ऑक्सिजन, गरजेप्रमाणे रक्त आणि पोषणापुरते सावकाश सलाइन सारखेच मिळे. मूल अत्यवस्थ असताना पालकांकडून कागद भरून घेत बसणे अमानुष ठरले असते. म्हणून अशा वेळी आधी तोंडी होकार आणि प्रकृती स्थिरावल्यावर सविस्तर समजावून लेखी संमती, अशी पद्धत नीतिसमित्यांच्या मान्यतेने ठेवली होती.

दाखल मुलांपैकी ५७ टक्क्यांना मलेरिया होता आणि जवळपास एकतृतीयांश मुलांचे हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली होते. जानेवारी २०११ मध्ये देखरेख समितीने चाचणी थांबवण्याची शिफारस केली. तोवर ३,१४१ मुलांची माहिती जमली होती. ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के, सलाइनच्या गटात १०.५ टक्के आणि भराभर द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के होते. म्हणजे सर्वमान्य उपचाराने शंभर मुलांमागे तीनहून अधिक मृत्यू वाढत होते. मलेरिया असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांत हेच दिसले. मे २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. ज्या गटाने द्रव द्यावा हा विचार मांडला होता, त्यानेच त्याविरुद्धचा पुरावा पूर्ण तपशिलासह जगापुढे ठेवला. संस्थेच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट होय.

हृदय कोठे कमी पडते

निष्कर्ष अनपेक्षित होता, म्हणून कारणाचा शोध लगेच सुरू झाला. जास्तीच्या द्रवाने फुफ्फुसात पाणी भरत असेल किंवा मेंदूला सूज येत असेल, असा पहिला तर्क होता. प्रत्येक मृत्यूच्या आधीच्या तासांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वेगळेच आढळले. दोन गटांतला मोठा फरक रक्ताभिसरण कोसळून झालेल्या मृत्यूंमध्ये होता: भराभर द्रव दिलेल्यांत ४.६ टक्के, न दिलेल्यांत २.६ टक्के. हे विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या अभ्यासांतून आणखी दुवे मिळाले. सलाइनमध्ये क्लोराइड भरपूर असते, त्यामुळे रक्तातले आम्ल वाढते. शिवाय आधीच कमी असलेले हिमोग्लोबिन आणखी विरळ होते. तापलेल्या, रक्त ओसरलेल्या मुलाचे शरीर नाडी वेगात ठेवून आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून हृदय व मेंदूकडचा पुरवठा कसाबसा राखत असते. द्रवाच्या अचानक लोंढ्याने हा तोल ढळतो, असे आता मानले जाते.

हृदयाची थेट पाहणीही किलिफीत झाली. गंभीर मलेरियाच्या मुलांची खाटेजवळच सोनोग्राफीच्या यंत्राने तपासणी करून हृदयाचे आकुंचन, भरणे आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त मोजले गेले. पुढे तीव्र कुपोषित मुलांचीही अशी पाहणी झाली. कुपोषणात हृदय दुबळे होते म्हणून द्रव देऊ नये, असे पाठ्यपुस्तके सांगत आली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किलिफीतल्या अभ्यासात ८८ कुपोषित मुलांच्या हृदयाचे काम इतर आजारी मुलांच्या तुलनेत लक्षणीय कमी आढळले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. हातपाय गार, नखाचा रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ आणि नाडी वेगवान पण क्षीण, ही तिन्ही चिन्हे एकत्र असतील तरच मुलाला शॉक आहे असे धरायचे, आणि तेव्हाही द्रव सावकाश द्यायचा. एक-दोन चिन्हे असलेल्या तापाच्या मुलाला भराभर द्रव द्यायचा नाही. जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या मुलांना हा नियम लागू नाही.

रक्त किती आणि केव्हा

द्रवाचा प्रश्न सुटल्यावर रक्ताचा प्रश्न उरला. आफ्रिकेतल्या रक्तपेढ्यांत तुटवडा कायमचा आहे, म्हणून प्रत्येक पिशवी योग्य मुलाला मिळणे महत्त्वाचे. मेटलँड यांच्याच नेतृत्वाखाली युगांडा आणि मलावीत झालेल्या ‘ट्रॅक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ३,१९६ मुलांत दर किलोमागे २० आणि ३० मिलिलिटर रक्ताची तुलना झाली. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. मात्र दाखल होताना ताप नसलेल्या मुलांना जास्त रक्ताचा, तर ताप असलेल्यांना कमी रक्ताचा फायदा दिसला. थर्मामीटरच्या एका आकड्यावरून रक्ताचे प्रमाण ठरवण्याची दिशा त्यातून मिळाली.

आजार होऊच नये म्हणून

वॉर्डातल्या नोंदींचा अर्थ लावायचा तर भोवतालची लोकसंख्या माहीत हवी. त्यासाठी २००० मध्ये सुमारे ८९१ चौरस किलोमीटरच्या टापूत घरोघरची नोंदणी सुरू झाली. गणक ठरावीक अंतराने प्रत्येक घरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपतात, आणि रुग्णालयात आलेले मूल कोणत्या घरचे हे लगेच कळते.

त्याआधीच, १९९३ ते १९९५ या काळात, किलिफीत कीटकनाशकात भिजवलेल्या मच्छरदाण्यांची चाचणी झाली होती. लहान मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी आणि गंभीर मलेरियाने दाखल होणे ४४ टक्क्यांनी घटले. पुढे मलेरिया आणखी ओसरला. २००३ मध्ये दर हजार मुलांमागे १८.४३ मुले मलेरियाने दाखल होत. २००७ मध्ये हे प्रमाण ३.४२ वर आले.

टॉम विल्यम्स यांच्या गटाने सिकलसेलच्या वाहक मुलांचा पाठपुरावा केला. हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या मुलांना गंभीर मलेरियापासून जवळपास ९० टक्के संरक्षण मिळते, असे २००५ मध्ये दिसून आले. विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातला मलेरियाचा मुख्य जिल्हा आहे. तेथील वाचकांना या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको.

आरटीएस-एस या मलेरियाच्या लसीच्या चाचण्यांत किलिफी अग्रभागी होते. २००८ मध्ये किलिफी आणि टांझानियातल्या कोरोग्वे येथील मुलांवरच्या चाचणीत ५३ टक्के संरक्षण दिसले. अनेक देशांतल्या मोठ्या चाचणीनंतर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही लस शिफारशीत घेतली. ऑक्सफर्डने विकसित केलेल्या आर-२१ लसीच्या अंतिम टप्प्यातही किलिफीतली मुले होती. २०२३ मध्ये शिफारस मिळालेली ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

मोठेपणीचे हृदय

बालपणातल्या मलेरियाचा परिणाम प्रौढपणीच्या हृदयावर होतो का, हा संस्थेने अलीकडे हाती घेतलेला प्रश्न आहे. केनियाचे अँथनी एट्यांग यांनी त्यासाठी सिकलसेलच्या जनुकाचाच उपयोग केला. वाहक व्यक्तींना लहानपणी मलेरिया कमी होतो. तेव्हा मलेरियाने पुढे रक्तदाब वाढत असेल, तर जेथे मलेरिया आहे तेथे वाहकांचा रक्तदाब कमी असायला हवा आणि जेथे नाही तेथे फरक दिसू नये. किलिफी, मलेरिया नसलेले नैरोबी आणि अमेरिकेतले जॅक्सन येथील प्रौढांची माहिती ताडून पाहण्यात आली; किलिफीत रक्तदाब चोवीस तास मोजला गेला. २०१९ च्या निष्कर्षांनुसार किलिफीतल्या वाहकांचा वरचा रक्तदाब सरासरी २.४ मिलिमीटरने कमी होता आणि हा फरक तिशी ते साठीच्या वयोगटात एकवटलेला होता. उरलेल्या दोन्ही ठिकाणी तसा फरक आढळला नाही.

याचा अर्थ मच्छरदाणी, लस आणि वेळेवर मिळालेले औषध यांचा लाभ मूल वाचण्यापुरता राहत नाही. तीच साधने पुढच्या आयुष्यातल्या उच्च रक्तदाबाचा धोकाही कमी करू शकतील. किलिफीच्या घरोघरच्या नोंदवहीत २००० नंतर लगेच जन्मलेली मुले आता विशीत आहेत. लहानपणी कोणाला किती वेळा गंभीर मलेरिया झाला हे त्यांच्या रुग्णालयीन नोंदींत लिहिलेले असल्याने, त्यांच्या हृदयाच्या आरोग्याचा पुढील अभ्यास याच नोंदींच्या आधारे करता येईल.